परमुलखातलं मंडळ आणि अडीनडीची पेटी

नांदेडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. लेक लग्नानंतर जर्मनीतल्या एका लहानशा शहरात राहायला गेली. तिथं मराठी घरं पंचवीसेक. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून गणपती बसवला, मग कोजागरी झाली, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि बघता बघता मंडळ उभं राहिलं. नव्याचे नऊ दिवस सरले, आणि यंदा गणपतीच्या खर्चावरून दोन घरांचं बोलणंच बंद झालं. लेक आईला विचारते, "मंडळाला नियम असावेत म्हणतात. काय काय असावेत गं?" आणि आई आम्हाला लिहिते, "चार घरच्या मंडळाला कसले आले नियम! पण लेकीचा जीव तिथं रमला पाहिजे. तेव्हा नीट समजावून सांगा."

हा प्रश्न एकट्या या आईचा नाही. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आज पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला नाही तर परदेशात आहे. लेकीनं डबा भरून नेला, लोणचं नेलं, मेतकूट नेलं. पण शेजार काही बॅगेत भरून नेता येत नाही. तो तिथं जाऊनच जमवावा लागतो. परमुलखात मंडळ असतं ते त्यासाठी. म्हणून ते कसं चालवावं हे आज जरा सविस्तर बघू.

नियम म्हटलं की आपल्याला अविश्वासाचा वास येतो. पण भिशी आठवा. किती जणी, दरमहा किती रुपये, कोणत्या तारखेला, पहिली उचल कुणाची, हे सगळं पहिल्या दिवशी ठरतं. म्हणून तर भिशीत हसतखेळत चहा होतो. ठरलेलं नसतं तर दुसऱ्याच महिन्यात रुसवेफुगवे झाले असते. मंडळाचंही तसंच. नियम लिहायचे ते सगळ्यांचं गूळपीठ असतं तेव्हा. एकदा बिनसलं की मग लिहिलेलं प्रत्येक कलम कुणाला ना कुणाला टोचतं.

हे काही नवं नाही

आपल्या माणसांनी परगावी मंडळं काढायची रीत जुनी आहे. नांदेड निजामाच्या राज्यात होतं तेव्हा आपली राजधानी हैदराबाद. तिथल्या मराठी माणसांनी मुलांच्या शिक्षणासाठी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबादेतली मराठी घरं जागची न हलता परराज्यातली झाली. माणसं पांगली, पिढ्या बदलल्या, पण ती संस्था आजही उभी आहे. कारण ती कुणा एकाच्या ओसरीवर नव्हती. तिला घटना होती, सभासद होते, हिशेब होता.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. शिकागोचं १९६९ सालचं. अमेरिका आणि कॅनडातल्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली निघालं आणि त्याची अधिवेशनं साधारण दर दोन वर्षांनी भरतात. मॉरिशसला तर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या आपल्या लोकांनी सण इतके टिकवले की गणेशचतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

आणि हे वेड फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. स्कॉटलंडचे लोक घ्या. देश थंड नि डोंगराळ, तेव्हा पोटासाठी जगभर गेलेले. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचेच. हे लोक जातील तिथं आपली सोसायटी काढतात, ३० नोव्हेंबरला त्यांच्या संत अँड्र्यूचा दिवस पाळतात, २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या आपल्या कवीचा जन्मदिवस एकत्र जेवून साजरा करतात. जेवणात मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा, ओट घालून शिजवलेला त्यांचा खास पदार्थ असतो. आपल्याकडं मोदकावाचून गणपती नाही, तसं त्यांचं त्यावाचून होत नाही.

पण त्यांची एक गोष्ट मला सणापेक्षा मोठी वाटते. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि त्याच्या मागोमाग स्कॉटलंडची पुष्कळ माणसं लंडनला आली. सगळ्यांचंच नशीब फळलं नाही. मग त्यांच्यातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांनी एक पेटी ठेवली. प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यात पैसे टाकायचे आणि आपल्या मुलखातला कुणी आजारी पडला, उपाशी राहिला, मेला, तर त्यातून खर्च करायचा. या पेटीच्या कामाला १६६५ साली राजाची सनद मिळाली. नाव बदलत गेलं, पण लंडनमधल्या गरजू स्कॉटिश माणसांना मदत करणारी ती संस्था आजही आहे.

मैत्रिणींनो, मंडळाचा जीव या पेटीत आहे असं मला वाटतं. गाणी, नाटुकली, हळदीकुंकू हवंच. त्याशिवाय माणसं जमत नाहीत. पण एवढ्या लांब एखादी बाई पहिल्या बाळंतपणात एकटी पडली आणि मंडळाला ते पुढच्या कोजागरीला कळलं, तर त्या मंडळाचा उपयोग काय? तेव्हा पुढचे सगळे नियम वाचताना ही पेटी डोळ्यांसमोर ठेवा.

आधी हेतू लिहा

कागदावर पहिली ओळ हेतूची. "मराठी संस्कृतीचा प्रसार" असं भारदस्त लिहायचा मोह होतो. लिहा, पण त्याच्याही वर साधी ओळ घाला: "गावात नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाची पहिल्या आठवड्यात विचारपूस करणे आणि अडचणीत असलेल्या सभासदाला मदत करणे." मग हे काम दरमहा दोन घरांकडं पाळीनं द्या. नवं कुटुंब आलं की त्या दोन घरांनी फोन करायचा, एक वेळचा डबा पोचवायचा आणि चार गोष्टी सांगायच्या. डाळ-तांदूळ कुठं मिळतो, मुलांची शाळा कोणती, बायकांची डॉक्टर कुठं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा लागतो, रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना खपत नाही. नव्या सुनेला सासरची रीत कुणीतरी प्रेमानं सांगावी लागते, तसंच हे.

सभासद कोण?

वर्गणी बहुधा घरटी असते. सोयीची आहे, राहू द्या. पण मत घरटी ठेवू नका. वर्गणी एक असली तरी नवरा आणि बायको दोघंही सभासद आणि दोघांनाही एकेक मत, असं स्पष्ट लिहा. नाहीतर होतं काय, की नैवेद्य तिचा, रांगोळी तिची, पन्नास माणसांची पुरणपोळी तिची आणि सभेत हात वर करायचा त्यानं! विद्यार्थ्यांना आणि एकट्यानं राहणाऱ्यांना वर्गणी निम्मी असावी.

मराठी म्हणजे कोण, यावरूनही पुढं वाद होतात. मराठी घरात आलेली जर्मन सून, तेलुगू जावई, मराठी बोलणारं मुसलमान किंवा ख्रिस्ती कुटुंब, ही सगळी आपलीच. "मराठीची आवड असणारी कोणतीही प्रौढ व्यक्ती" एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. जातीचा उल्लेख अर्जात नको, जेवणाच्या पंगतीत नको आणि बोलण्यात तर मुळीच नको.

आणखी एक नाजूक गोष्ट. नांदेड-लातूरची मुलगी "काय करलालीस?" म्हणाली की काही जणींना हसू फुटतं. एकदा हसल्या की ती मुलगी दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, तिसऱ्यांदा येतच नाही. कुणाच्या बोलीला हसायचं नाही, हा नियम लिहिण्यासारखा नसला तरी अध्यक्षबाईंनी पाळण्यासारखा आहे. सणांचंही तसंच. गणपती, संक्रांत, पाडवा सगळ्यांचे. त्यांच्या जोडीला लातूरकडची येळवस का नको? आंबिल आणि भज्जी तिथल्या स्वयंपाकघरातही होते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. १९४८ साली काय घडलं ते परदेशात वाढणाऱ्या मुलांना त्या दिवशी सांगता येईल. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आहे. ज्याला जो दिवस जवळचा, त्यानं तो पुढाकार घेऊन करावा आणि बाकीच्यांनी आवर्जून जावं.

हळदीकुंकवाला कुणाला वगळायचं नाही, हेही आजच ठरवा. सासूबाई सहा महिने मुलाकडं आल्या आहेत, त्यांचे यजमान गेलेले आहेत, आणि सगळ्या जणी हॉलवर जाताना त्या घरी एकट्या बसल्या आहेत. हे चित्र मंडळाला शोभत नाही. वाण सगळ्यांना, कुंकू जिला हवं तिला.

पैशाची बाजू

मंडळं फुटतात ती बहुधा पैशांवरून, आणि तेही कुणी खाल्ले म्हणून क्वचितच. कुणी काय खर्च केलं ते लिहिलेलं नसतं, म्हणून फुटतात. एकीनं खिशातून फुलं आणली, दुसरीनं हॉलचं भाडं भरलं, तिसरीच्या घरून शंभर नारळ आले. महिन्यानं हिशेब मांडायला बसलं की प्रत्येकीला आपलंच जास्त गेल्यासारखं वाटतं.

म्हणून पाच गोष्टी ठरवून टाका. मंडळाचं बँकेचं खातं वेगळं असावं, कुणाच्या घरखात्यात पैसे नकोत. पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. ठरावीक रकमेवरचा खर्च आधी विचारूनच करावा. पावतीशिवाय पैसे परत मिळणार नाहीत, मग त्या अध्यक्षबाई का असेनात. आणि सण झाल्यावर पंधरा दिवसांत हिशेब सगळ्यांना लेखी कळवावा, तोटा असला तरी कळवावा.

अंदाजपत्रक घरच्यासारखंच मांडायचं. समजा, पंचवीस घरं आहेत आणि घरटी वर्षाला चाळीस युरो वर्गणी आहे. जमा झाले एक हजार. त्यातले पाचशे सणांना, दीडशे मुलांच्या मराठी पुस्तकांना आणि वर्गाला, शंभर कागदपत्रं नि किरकोळ खर्चाला. आणि उरलेले अडीचशे पेटीत. सणाला पाचशे पुरत नसतील तर त्या दिवसाचं जेवणाचं तिकीट लावा, पण पेटीला हात लावू नका. मुलीच्या लग्नाचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे आपण दिवाळीच्या पडद्यांवर खर्च करतो का? तसंच.

नोंदणीबद्दल बोलायचं तर प्रत्येक देशाचा कायदा निराळा. जर्मनीत अशा संस्थेला 'फेराइन' म्हणतात. तिची नोंद तिथल्या स्थानिक न्यायालयात होते आणि घटनेवर निदान सात सभासदांच्या सह्या लागतात. गंमत म्हणजे आपल्याकडंही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सातच माणसं लागतात. नोंदणी झाली की खातं मंडळाच्या नावानं उघडणं सोपं जातं, हॉल मंडळाच्या नावानं घेता येतो आणि उद्या काही देणं लागलं तर ते एकट्या खजिनदाराच्या गळ्यात पडत नाही. कार्यक्रमात गाणी वाजवायची असतील तर तिथं त्याचाही परवाना आणि शुल्क असतं, तेही आधी विचारून घ्यावं.

गावच्या शाळेला मदत पाठवायची हौस प्रत्येक मंडळाला असते. चांगली आहे, पण एक लक्षात ठेवा. एखाद्या भारतीय नागरिकानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे वेगळे आणि परदेशात नोंदलेल्या मंडळानं पाठवलेले वेगळे. मंडळाचे सगळे सभासद आपलेच असले तरी कायद्याच्या दृष्टीनं ती परकीय देणगी ठरते. ती घेणाऱ्या इथल्या संस्थेकडं परकीय देणगी विनियमन कायदा, २०१० खालची नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. हे न बघता पैसे पाठवले, तर चांगल्या हेतूनं आपल्याच शाळेला अडचणीत टाकल्यासारखं होईल.

पेटी उघडायची कशी?

पेटी ठेवणं सोपं, उघडणं अवघड. कारण मदत मागताना माणसाचा स्वाभिमान दुखावतो आणि लहान गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. म्हणून पेटीसाठी तिघांची समिती करा. त्यात निदान दोघी बायका असाव्यात. मदत किती दिली याची नोंद हिशेबात यावी, कुणाला दिली याची नोंद फक्त त्या तिघांकडं असावी. ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय त्यांनी एका दिवसात घ्यावा. सभा बोलावून चर्चा करू नये. परत करता आले तर करावेत, नाही आले तर मागू नयेत.

पेटीत फक्त पैसेच असतात असं नाही. बाळंतिणीच्या घरी पहिले पंधरा दिवस पाळीपाळीनं डबा, थोरल्या मुलाला शाळेतून आणणं, दवाखान्यात भाषेसाठी सोबत, हे सगळं त्यातच येतं. कुणाला काय जमतं याची यादी आधीच करून ठेवा. गाडी कुणाकडं आहे, जर्मन चांगलं कुणाला येतं, अळिवाची खीर कोण करून देईल. वेळ आली की शोधाशोध नको.

दोन प्रसंग मात्र फार कठीण असतात. त्यांची तयारी कुणीच करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

पहिला मृत्यूचा. परदेशात माणूस गेलं की दुःखाच्या आधी कागद समोर येतात. अशा वेळी भारतीय दूतावासाला ताबडतोब कळवायचं. २००९ सालापासून आपल्या दूतावासांकडं भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या, गरजू भारतीयांना त्यातून मदत होते आणि पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्चही योग्य प्रसंगी त्यातून होतो. आपण ज्या शहरात आहोत तिथलं काम कोणत्या दूतावासाकडं किंवा वकिलातीकडं आहे, त्यांचा तातडीचा नंबर काय, हे मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावं. युरोपात अपघात, आग, जिवावरचा आजार यासाठी ११२ हा नंबर, तोही तिथंच.

दुसरा प्रसंग घरातल्या मारहाणीचा. नवऱ्याच्या नोकरीवर गेलेली, स्वतःचं उत्पन्न नसलेली, भाषा न येणारी मुलगी मार खात असेल तर ती सांगणार कुणाला? मंडळातल्याच एखादीला. आणि तिथं आपण काय म्हणतो? "अगं, संसारात होतंच थोडंफार. तो बिचारा किती चांगला आहे, मंडळाचा चिटणीस आहे." मैत्रिणींनो, हे वाक्य एखादीच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा घटनेत साफ लिहा: असं कुणी सांगितलं तर मंडळ समेट घडवायला जाणार नाही, तिच्या परवानगीवाचून नवऱ्याशी बोलणार नाही, तिला रात्री राहायला जागा देईल आणि मदत मिळेल तिथवर सोबत करील. जर्मनीत अशा बायकांसाठी ११६०१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो, नाव सांगावं लागत नाही आणि जर्मन येत नसेल तर दुभाषी मिळतो. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना दूतावासाच्या त्या कल्याण निधीतूनही कायद्याची मदत मिळू शकते. आणि इथल्या आयांनो, लेकीला निघतानाच सांगा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव.

कामाची वाटणी

आता स्वयंपाकघर. दरवर्षी त्याच चार जणी मोदक वळतात, त्याच चार जणी भांडी घासतात आणि पडदा उघडतो तेव्हा त्या आत असतात. फोटोत त्या नसतात आणि आभाराच्या भाषणात "महिला वर्गाचे सहकार्य लाभले" एवढंच असतं. यावर सोपा उपाय आहे. जिनं रांधलं तिनं वाढायचं नाही, ज्यांनी वाढलं त्यांनी घासायचं नाही. तिन्ही पाळ्यांत बाप्येही असावेत. कार्यक्रम चालू असताना स्वयंपाकघर बंद, सगळ्या जणी पुढं येऊन बसतील. घरून पदार्थ आणायचे असतील तर सामानाचे पैसे मंडळानं द्यावेत. हौस तिची म्हणून खर्चही तिचाच, असं नको.

खुर्ची आणि भांडणं

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची मुदत दोन वर्षं. लागोपाठ दोनदाच. मग निदान एक मुदत विश्रांती. कुणी कितीही चांगलं काम करत असलं तरी हा नियम मोडू नका, कारण बारा वर्षं एकच अध्यक्ष राहिला की मंडळ त्याच्या दिवाणखान्याचं होऊन जातं. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा, चौदा दिवस आधी लेखी सूचना देऊन. किती जण हजर असले तर सभा धरायची तेही लिहा. इतिवृत्त त्याच आठवड्यात सगळ्यांकडं जावं. पद सोडताना वही, पावत्या, खात्याचे कागद, गणपतीचं मखर आणि मोठी पातेली यांची यादी करून सही घ्यावी. पातेल्यांवरूनही मंडळं फुटलेली आहेत!

भांडणं होणारच. व्यक्ती तितक्या प्रकृती. पण ती कुठं करायची याला रीत असावी. पैशाचा नि मानाचा वाद फोनवरच्या गटात सगळ्यांसमोर काढायचा नाही. तक्रार लेखी, तिघांकडं; त्यांनी दोन्ही बाजू समोरासमोर ऐकायच्या आणि महिन्यात निकाल सांगायचा. इकडच्या निवडणुका, पक्ष आणि पुढारी मंडळाच्या कार्यक्रमात आणायचे नाहीत. ज्याला बोलायचं आहे त्यानं आपल्या घरी चहाला बोलवून बोलावं.

एक नियम सहसा कुणी लिहीत नाही. मंडळ बंद पडलं तर उरलेल्या पैशाचं काय? तेही लिहा. शेजारच्या शहरातल्या मंडळाला, वाचनालयाला, कुणालाही, पण आज ठरवा. मृत्युपत्र केल्यानं माणूस लवकर मरत नाही, तसंच आहे हे.

यजमान शेजारी

आपण त्यांच्या गावात राहतो, हे विसरून चालत नाही. वर्षातला निदान एक कार्यक्रम शेजाऱ्यांसाठी असावा. तिथल्या भाषेत चार वाक्यांत गणपती कोण ते सांगावं, मोदक खाऊ घालावा, लहान मुलांना रांगोळीत रंग भरू द्यावेत. बर्न्सच्या नावाच्या त्या जेवणांना स्कॉटलंडबाहेरचेही पुष्कळ लोक हौसेनं जातात, ते उगाच नाही. ढोल वाजवणार असू तर आधी इमारतीतल्या लोकांना सांगावं. आणि त्यांच्या नाताळाला आपण करंज्या घेऊन जावं. मैत्री दोन्हीकडून वाहिली तरच टिकते.

आणि आपल्या गावात?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं जर्मनीच्या लेकीसाठी झालं, आम्हाला काय? पण परमुलूख फक्त समुद्रापलीकडंच असतो असं नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी घरं आहेत, सीमेवरून आलेली तेलुगू-कन्नड घरं आहेत. बँकेच्या, रेल्वेच्या बदलीवर पार ओडिशा-बिहारमधून आलेली कुटुंबं आहेत. त्यांतल्या एखादीला बाजारात भाव करता येत नाही, दवाखान्यात दुखणं सांगता येत नाही. आपल्या लेकीला तिकडं जे शेजारपण मिळावं असं वाटतं, ते इथं आपण देतो का?

तुमच्या वसाहतीत असं मैत्री मंडळ काढायचं असेल तर नियम हेच. सात जणी जमल्या की १८६० च्या कायद्याखाली नोंदणीचा अर्ज करता येतो आणि महाराष्ट्रात त्याच्या जोडीनं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. दोन्हींसाठी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. एवढं जमणार नसेल तर नोंदणीच्या भानगडीत न पडता आधी वर्षभर दहा जणींचा गट चालवून बघा. वही मात्र पहिल्या दिवसापासून घाला.

त्या वहीच्या पहिल्या पानावर हेतू, दुसऱ्यावर सभासदांची नावं, तिसऱ्यावर जमाखर्च आणि चौथ्यावर पेटी. या महिन्यात तुमच्या गल्लीत कुणी नवं राहायला आलं असेल, तर सभा-बैठकीची वाट न बघता आधी वाटीभर काहीतरी घेऊन त्यांच्या दारी जाऊन या.

तुमच्या मंडळाचे काही वेगळे नियम असतील तर जरूर कळवा, निवडक पत्रं इथं देऊ. पुढच्या अंकात बघू या, परदेशातल्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू टिकाऊ कसे करायचे ते.